धाकट्यांच्या शिक्षकांची शाळा

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि बी.एड. झालेल्या असंख्य तरुणांच्या तोंडचे पाणी पळाले. पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमणूक करताना बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, असा तो निकाल. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने जून २०१८ मध्ये अधिसूचना काढून बी.एड.धारकांना प्राथमिक शाळेचे दार उघडून दिले होते. नेमणूक झाल्यावर दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पुरा करायचा, एवढीच अट होती. न्यायालयाने ती अधिसूचनाच रद्दबातल ठरवली. बी.एड.चे प्रशिक्षण माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांसाठी असते. लहान मुलांना शिकवण्याची पद्धत निराळी, तिचे प्रशिक्षण निराळे, आणि दर्जेदार शिक्षण हा मुलांचा हक्क असल्यामुळे इथे सूट देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

निकालानंतर चर्चा झाली ती बहुतेक नोकऱ्यांची. हातातोंडाशी आलेली नोकरी गेली त्यांचे दुःख खरे होते आणि त्याची दखल घ्यायलाच हवी. पण त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडला. दहावीच्या मुलांना शिकवू शकणारा माणूस पहिलीच्या मुलांना का शिकवू शकणार नाही? पहिलीच्या मुलांना शिकवायला नेमके असे काय यावे लागते, जे दोन वर्षे खपून शिकावे लागते? हे पुस्तक त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे, आणि प्रस्तावनेच्या निमित्ताने मला त्याच प्रश्नाजवळ थोडे थांबायचे आहे.

आपल्याकडे शिक्षकांची एक उतरंड लोकांच्या मनात पक्की बसलेली आहे. सर्वांत वर प्राध्यापक, मग हायस्कूलचे सर, त्याखाली प्राथमिकचे गुरुजी आणि बाई, आणि अगदी तळाला बालवाडीची ताई. मूल जितके लहान तितका शिक्षकाचा मान कमी, पगार कमी, तयारीही कमी चालते. विषयाची माहिती मोजायची असेल तर ही उतरंड काही अंशी बरोबर आहे. पण मूल कसे शिकते हे ओळखण्याचे ज्ञान मोजायला गेलो तर ती बरोबर उलटी होते. पंधरा वर्षांच्या मुलाला समजले नाही तर तो निदान ‘समजले नाही’ असे सांगू शकतो. सहा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय समजले नाही हेच सांगता येत नाही आणि तीन वर्षांच्या मुलाला तर तसा प्रश्नच पडत नाही. त्याच्या हातांच्या हालचालींवरून, चुकांवरून, गप्प बसण्यावरून ते शिक्षकाला वाचावे लागते.

तिसरीतल्या एखाद्या मुलाची गणिताची वही घ्या. ४२ वजा १७, उत्तर लिहिले आहे ३५. खाली ६१ वजा ३४, उत्तर ३३. दोन्हींवर लाल फुली आणि शेजारी ‘पुन्हा सोडव’ असा शेरा. मुलगा पुन्हा सोडवतो आणि पुन्हा ३५ लिहितो, कारण त्याच्या दृष्टीने त्याने नियम अगदी चोख पाळलेला असतो. पहिलीत त्याला आपणच सांगितलेले असते की मोठ्यातून लहान वजा करायचे. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. त्याने दोनातून सात वजा करण्याचा प्रयत्नच केलेला नाही, कारण तसे करता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे मुलाचे लक्ष नाही, पाठांतर कच्चे आहे, घरी अभ्यास घेत नाहीत, ही नेहमीची तिन्ही निदाने चुकीची. ४२ ही एक संख्या आहे, शेजारी शेजारी बसलेले दोन सुटे आकडे नव्हेत, एवढेच त्याच्या हाताला अजून कळलेले नाही. त्याला दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि म्हणा, यातल्या सतरा मला दे. एक गठ्ठा दिल्यावर तो सात सुट्या काड्या शोधू लागेल, दोनच सापडतील, थोडा घुटमळेल आणि मग स्वतःच रबर सोडून दुसरा गठ्ठा मोकळा करील. ‘दशक सुटा केला’ हे वाक्य त्यानंतर सांगायचे, आधी नाही. हा क्रम ज्याला कळला त्याला प्राथमिक शिक्षकाचे काम काय आहे ते कळू लागले.

दुसरे मूल ‘पंचवीस’ ऐकते आणि ५२ लिहिते. त्यानेही जे कानावर आधी पडले ते आधी लिहिले आहे. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी एकक आधी उच्चारला जातो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र दशक आधी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी आणखी घोळ घालतात : कानावर तीस येते आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांच्या जोडीला ‘वीस पाच’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा केवढा गहजब झाला ते आठवत असेल. विषय विधानसभेपर्यंत गेला. भाषा बुडाली, मराठीची मोडतोड झाली, असे सगळे म्हणून झाले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की लहान मुलांना या नावांची अडचण येते आणि त्यासाठी हा आधार आहे. ती पद्धत कोणाला पटो न पटो. मला खटकले ते हे की त्या सबंध वादात पहिली-दुसरीला वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षिकांना फारसे कोणी विचारलेच नाही. मुले कुठे अडखळतात याची माहिती ज्यांच्याकडे असायची त्यांचे बोलणे ज्ञान म्हणून मोजले जात नाही, हे त्यातून उघड दिसले.

बालवाडीच्या शिक्षिकेचे काम याहूनही अवघड आहे, कारण तिला पाठ्यपुस्तकाचा आधार नाही, परीक्षेचा धाक नाही, आणि ‘आज काय शिकवले’ या प्रश्नाला दाखवता येईल असे उत्तर बहुधा नसते. एका बालवाडीत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. चार वर्षांची एक मुलगी चटईवर बसून चिंचोके, करंजाच्या बिया आणि शिंपले यांचे दोन ढीग करत होती. दोन्ही ढिगांत तिन्ही वस्तू मिसळलेल्या. शेजारी बसलेली शिकाऊ शिक्षिका पुढे सरसावली, चिंचोके एकीकडे आणि शिंपले दुसरीकडे असे करून दाखवायला. मुख्य ताईंनी तिला हातानेच थांबवले, मुलीजवळ बसल्या आणि विचारले, “हे इकडे का गं ठेवलंस?” मुलगी म्हणाली, “हे ओले आहेत.” सकाळी साहित्य धुऊन वाळत घातले होते आणि निम्मे वाळायचे राहिले होते. मुलीने वर्गीकरण केले होते, आणि तेही डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या, बोटांनाच कळणाऱ्या गुणावरून. शिकाऊ शिक्षिकेने मदत केली असती तर एका चांगल्या विचाराचे मातेरे झाले असते, आणि ते कोणाला कळलेही नसते.

ही थांबण्याची आणि नेमका प्रश्न विचारण्याची सवय व्याख्यानातून लागत नाही. पियाजे आणि व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांवर दहा गुणांचे उत्तर लिहून तर नाहीच नाही. जाणत्या माणसाशेजारी बसून, त्याच वर्गात, त्याच मुलांवर नजर ठेवून ती लागते. म्हणून शिक्षकांची शाळा मुलांच्या शाळेला लागून असली पाहिजे, हा माझा या प्रस्तावनेतला एकमेव आग्रह आहे.

तो माझा शोध नाही. भारतात आधुनिक बालशिक्षण ज्यांनी रुजवले त्यांनी पहिल्यापासून हेच केले. गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, १९२० मध्ये त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले आणि काही वर्षांतच त्याच्या जोडीला अध्यापन मंदिर उभे केले. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. ते मानाचे पद सोडून त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. एका प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्यांना प्रशिक्षण म्हणजे काय हे नव्याने पाहण्यासाठी तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसावेसे वाटले, ही घटना मला फार मोलाची वाटते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवले, आणि तिथेही मुलांचे वर्ग आणि शिक्षिकांचे वर्ग हातात हात घालून चालत.

त्याआधी पाऊण शतक सावित्रीबाई फुल्यांनी अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. धैर्यासाठी आपण त्यांना नेहमी आठवतो, पण त्या तयारीनिशी वर्गात उभ्या राहिल्या हे सांगायचे राहून जाते.

१९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. शहरातल्या बालमंदिरात जे चालले होते ते खेड्यात आणि आदिवासी पाड्यांवर चालेना. माँटेसरीचे साहित्य महाग होते आणि मुले शाळेपर्यंत येत नव्हती. धाकट्या भावंडाला काखेत घेऊन फिरणारी सात वर्षांची मुलगी शाळेत येणार तरी कशी? तेव्हा शाळाच पाड्यावर गेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, शंख-शिंपले, बिया, पाने, खडे. तिलाच अंगणवाडी म्हणू लागले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात जाऊन कुरणशाळा भरवली. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले आणि तिथून बालसेविका शिकून बाहेर पडू लागल्या. त्यांचे प्रशिक्षण म्हणजे सकाळी मुलांत काम आणि दुपारी त्या कामावर बोलणे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर पोचले. सकाळचे काम आणि दुपारचे बोलणे मात्र मागेच राहिले.

प्राथमिकच्या बाजूला काय झाले तेही स्पष्ट बोलले पाहिजे. बारावीनंतर दोन वर्षांचे डी.एड. म्हणजे हमखास नोकरी, असा काळ महाराष्ट्रात होता. त्या काळात अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले. राज्यातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यातूनच २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. तपासणीत त्यांतल्या बहुसंख्य संस्था निकषांत बसत नाहीत असे आढळले. देशभरच्या अध्यापक शिक्षणाची झडती घेणारा २०१२ चा वर्मा अहवाल आपल्या राज्यातल्या बाजारामुळे लिहावा लागला, ही गोष्ट आपण विसरू नये. पुढे भरती थांबली, शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली, विद्यालये ओस पडली आणि कित्येकांना कुलपे लागली.

पण केवळ संख्येने बिघडले असे मला वाटत नाही. चांगल्या विद्यालयांतही सराव पाठ नावाचा प्रकार चाले तो पाहिला की बिघाड कुठे आहे ते कळते. छात्राध्यापक रात्र जागून पाठ टाचण काढतो : सामान्य उद्दिष्टे, विशिष्ट उद्दिष्टे, प्रस्तावना, विषय विवेचन, दृढीकरण, स्वाध्याय. थर्माकोलची प्रतिकृती, रंगीत तक्ता. तासाला मागच्या बाकावर निरीक्षक बसतात आणि निरीक्षण वहीत लिहितात : आवाज स्पष्ट, फळ्यावरचे अक्षर वळणदार, साहित्य आकर्षक, वर्ग नियंत्रण बरे. सगळी नजर शिकवणाऱ्यावर. त्या पस्तीस मिनिटांत तिसऱ्या रांगेतल्या मुलीला काय कळले, तिने वहीत काय लिहिले, ती कशाला हसली, याची नोंद कुठेच होत नाही. तो पाठ संपतो, दुसरा छात्राध्यापक दुसरा तक्ता घेऊन उभा राहतो, आणि मुले आपली पाहुण्यांसमोर बसावे तशी बसून राहतात.

शिवाय ज्या वर्गाचा सराव होतो तो वर्ग बाहेर पडल्यावर भेटतच नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. खेड्यापाड्यांतल्या, वाड्यावस्त्यांवरच्या किती तरी शाळा अशा द्विशिक्षकी आहेत. म्हणजे नव्या शिक्षकाच्या वाट्याला एक इयत्ता येत नाही. पहिली आणि दुसरी, किंवा तिसरी आणि चौथी, एका खोलीत एकत्र बसलेली असतात. एका गटाशी बोलत असताना दुसरा गट अर्धा तास स्वतःहून काय करील, याची आखणी त्याला जमली पाहिजे. त्यासाठी मुलांना जोडीने वाचायला, कार्डे घेऊन गणिते सोडवायला, एकमेकांचे तपासायला आधी शिकवावे लागते, आणि जूनमध्ये ते केले नाही तर वर्षभर आरडाओरडा करत बसावे लागते. हे कौशल्य सराव पाठांत कुठेच येत नाही.

भाषेचेही तसेच. मेळघाटात मूल कोरकू बोलत शाळेत येते, नंदुरबारकडे भिली किंवा पावरी, पालघरला वारली, गडचिरोलीत गोंडी. पुस्तकातली मराठी त्याच्यासाठी नवी भाषा असते. अशा मुलाला पहिल्या आठवड्यात मुळाक्षरांचा तक्ता दाखवून ‘ठ ठशाचा’ म्हणायला लावले तर ते ठ म्हणेल, पण ठसा म्हणजे काय हे त्याला माहीत नसेल. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन-लेखनाच्या पद्धतीवर जे चिकाटीचे काम केले त्याच्या मुळाशी हाच विचार होता : मुलाला अर्थ लागला पाहिजे, आणि त्याच्या बोलण्याचा मान राखून त्याला वाचनापर्यंत नेले पाहिजे. कोल्हापूरला लीला पाटील यांनी शिक्षक-प्रशिक्षणात हयात घालवल्यावर १९८५ मध्ये सृजनआनंद विद्यालय सुरू केले. प्रशिक्षणातून मुलांच्या शाळेकडे येण्याची ताराबाईंची वाट त्यांनीही धरली. भावी शिक्षकांनी अशा शाळांत नुसती भेट देऊन, फोटो काढून परत येऊ नये. महिनाभर तिथे बसावे.

आता २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की वय वर्षे तीन ते आठ हा शिक्षणाचा एकच सलग टप्पा आहे. विचार उत्तम आहे आणि बालशिक्षणातली माणसे तो किती तरी दशके मांडत आली आहेत. पण व्यवहारात या टप्प्याची पहिली तीन वर्षे महिला व बालविकास विभागाकडे आणि पुढची दोन शालेय शिक्षण विभागाकडे. अंगणवाडी सेविकेला पगार नाही, मानधन आहे. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाच्या याद्या, गृहभेटी, मोबाइलवरची माहिती भरणे, हे सगळे उरकून जो वेळ उरेल तो शिक्षणाचा. तिच्यासाठी धोरणाने अभ्यासक्रम सुचवले आहेत : बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग, त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, आणि तेही दूरस्थ पद्धतीने, टीव्हीवरून आणि स्मार्टफोनवरून, महिन्याला किमान एक संपर्क वर्ग घेऊन. मला याची काळजी वाटते. गोष्ट कशी सांगावी हे फोनवर पाहता येईल. पण गोष्ट सांगताना कोणते मूल सुटले आहे हे कोणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आणि सेविकेवर घरच्यांचाही दबाव असतो. ‘शेजारचा पोरगा इंग्लिश मीडियममध्ये शंभरपर्यंत लिहितो, आमचा नुसताच खेळतो,’ असे एखादी आई दारात उभी राहून म्हणते, तेव्हा तिला उत्तर देता येणे हा प्रशिक्षणाचा भाग असला पाहिजे. तिला उपदेश नको असतो. कणीक मळताना, मणी ओवताना, कागद फाडताना बोटांत आणि मनगटात जी ताकद येते तिच्यावर उद्याची पेन्सिल चालणार आहे, हे तिच्याच मुलाचे दोन महिन्यांपूर्वीचे आणि आजचे चित्र शेजारी ठेवून दाखवता आले तर ती ऐकते. आई म्हणून तिला तेवढे नक्की दिसते.

या पुस्तकातली प्रकरणे वाचताना छात्राध्यापकांनी एक करावे. जवळच्या शाळेतले किंवा अंगणवाडीतले एकच मूल निवडावे आणि पुस्तक हाताशी असेपर्यंत रोज त्याच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात. ‘हुशार’, ‘खोडकर’, ‘मागे पडलेला’ असे शब्द त्या ओळींत नकोत. त्याने काय केले, काय म्हटले, कुठे अडले आणि त्यातून कसे बाहेर पडले, एवढेच असावे. बाल मानसशास्त्राचे प्रकरण या नोंदींनंतर वाचले तर ते फार वेगळे वाचले जाते.

शेवटची विनंती अध्यापकाचार्यांना. पहिलीचे शिक्षक घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांची पदवी बी.एड., एम.एड. असते आणि त्यांनी स्वतः पहिलीचा वर्ग कधी घेतलेला नसतो. न्यायालयाने शिक्षकांच्या नेमणुकीला जी कसोटी लावली ती आपण स्वतःला लावायला कोणत्या अधिसूचनेची गरज नाही. विद्यालयाच्या जवळची जिल्हा परिषदेची शाळा निवडून जूनपासून दिवाळीपर्यंत रोज एक तास पहिलीला शिकवावे, आणि छात्राध्यापकांना मागच्या बाकावर बसवून निरीक्षण वही त्यांच्या हाती द्यावी.